भिंतीवरचं रॉकेट आणि बाबांची शाळा

परळमधल्या एका महापालिका शाळेची कंपाउंडची भिंत रंगवून झाली, तेव्हा मी फोटो काढून बाबांना पाठवला. ते याच शाळेतले. रविवारी ते स्वतः बघायला आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, "छान आहे. पण यात आमची शाळा कुठाय?"

भिंतीवर रॉकेट आहे. पृथ्वीचा गोल आहे. पेन्सिलीवर घोड्यासारखी बसलेली मुलगी आहे, कोपऱ्यात जोतीराव-सावित्रीबाई. मधोमध मोठ्या अक्षरांत 'आमच्या शाळेचा गौरवशाली वारसा'. मुलीची वेणी झकास उडते आहे. चित्रकाराचा हात चांगला आहे, यात वाद नाही. पण हीच भिंत उचलून नाशिकला ठेवा, नागपूरला ठेवा, काहीच बिघडणार नाही. मग हा वारसा नेमका कुणाचा?

कारण इथे सांगण्यासारखं भरपूर आहे. मुंबईतलं प्राथमिक शिक्षण १९०७ मध्ये पूर्णपणे पालिकेकडे आलं. पुढे ते सक्तीचं करायचं ठरलं तेव्हा १९२५ मध्ये सुरुवात झाली ती एफ आणि जी वॉर्डांत. म्हणजे परळ, लालबाग, दादर, वरळीचा पट्टा. फोर्ट नाही, मलबार हिल नाही, गिरणगाव. आणि गिरणीत काय चाललं होतं? १८८१च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला मनाई केली, १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ झाली, १९२२ मध्ये बारा. उलट वाचून बघा: सात वर्षांचं पोर गिरणीत राबणं एकेकाळी कायदेशीर होतं. भोंगा एकीकडे, शाळेची घंटा दुसरीकडे, आणि मधे ते पोर. रॉकेटपेक्षा हे चित्र किती मोठं आहे!

सरकारी कामात असलं कोण काढू देणार, असं म्हणाल. त्याच दशकात, १९२३ ते १९२८, दिएगो रिवेरा मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्याच भिंती रंगवत होता. त्यातली 'गावची शिक्षिका' मोबाइलवर शोधा. जमिनीवर बसलेली बाई, हातात पुस्तक, भोवती लहानथोर माणसं. मागे राबणारे शेतकरी, आणि घोड्यावर बंदूकधारी पहारेकरी. शिक्षण हिरावलं जाऊ शकतं, हे त्या एका घोडेस्वारावरून कळतं. आमच्या भिंतीवर कशालाच धोका नाही. सगळे हसताहेत.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा चौथीत होते. वर्गातली पोरं एकेक करून कमी व्हायला लागली. कोकणात, घाटावर. गुरुजींनी नाव पुकारलं की मागून कुणीतरी सांगायचं, "गावी गेला." परीक्षेच्या आधी बाबांच्या नावालाही कुणीतरी तेच उत्तर दिलं असणार. ते ऐकायला ते तिथे नव्हते.

आता फाटकावर 'मुंबई पब्लिक स्कूल' अशी पाटी आहे. असू दे, पाट्या बदलतात. पण फाटकाच्या डावीकडे, टॅक्सी लागतात तिथे, दोन-तीन मीटर भिंत अजून कोरी आहे. रंग कमी पडला असेल. तिथे १९८२चा हजेरीपट रंगवावा. एकाखाली एक नावं, आणि नावांपुढे शाईने 'गावी गेला'.