कानांनी ऐकलेला तुरुंग

रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९५६ सालच्या चित्रपटाचे नावच त्याचा शेवट सांगून टाकते: ‘मृत्युदंड झालेला एक कैदी निसटला’. सुटका होणार की नाही, ही उत्कंठा ब्रेसाँला नकोच आहे. त्याने जोडीला दुसरेही नाव दिले आहे, ‘वारा वाटेल तिकडे वाहतो’. येशू आणि निकदेम यांच्या रात्रीच्या संवादातून, संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातून ते आले आहे, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. तो वारा दिसत नाही, त्याचा आवाज मात्र ऐकू येतो. ब्रेसाँने आपली सारी कथा याच आधारावर उभी केली आहे, असे आम्हांस वाटते.

कथा घडलेली आहे. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, ऑगस्ट १९४३ मध्ये, प्रतिकार चळवळीतील आंद्रे देविन्यी हे लियाँ शहरातील माँलुक तुरुंगातून निसटले. पडद्यावर त्यांचा फाँतेन झाला आहे. ही भूमिका करणारा फ्राँस्वा लतेरिए हा नट नव्हता, तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता.

आरंभीच फाँतेनला मोटारीतून नेत असतात. त्याचा हात हळूच दाराच्या कडीकडे सरकतो. संधी मिळताच तो उडी घेतो. परंतु कॅमेरा त्याच्यामागे धावत नाही, रिकाम्या आसनाकडे पाहत राहतो. बाहेरची धावपळ आणि गोळीबार आपण केवळ ऐकतो, आणि थोड्याच वेळात त्याला परत आणून तेथेच बसवतात. दुसऱ्या कोणी येथे पाठलाग रंगवला असता.

पुढे सारा तुरुंग असाच कानांवाटे उभा राहतो. जिन्याच्या गजांवरून किल्ली फिरवीत येणारा पहारेकरी, पावलांचे आवाज, जर्मन आरोळ्या, दूरवरची आगगाडी. चित्र मात्र कोठडीबाहेर फारसे जात नाही. लोखंडी चमचा घासून त्याची पटाशी करणे, तिने दाराच्या फळ्या सुट्या करणे, अंथरूण-पांघरुणाचे दोर वळणे, हे हातांचे काम मोठ्या सबुरीने दाखविले आहे. कैदी जसा कान देऊन जगतो, तसे प्रेक्षकालाही जगावे लागते. सुटकेच्या रात्री एक कर्र कर्र आवाज येत राहतो, तो कसला ते उमगत नाही. मग दोन तटांमधून सायकलवर फिरणारा पहारेकरी दिसतो. छपरावरच्या खडीत पाऊल वाजू नये म्हणून आगगाडी धडधडत जाईल तेव्हाच पुढे सरकायचे!

संगीत थोडेच आहे: मोझार्टच्या ‘सी मायनर’ मिस्सामधील ‘कीरिये’. कैदी घाणीचे डबे रिकामे करण्यासाठी अंगणात उतरतात तेव्हा ते उमटते. काहींना हा मेळ अमंगळ वाटेल. गोठ्यात जन्मलेल्याच्या उपासकांना तो खटकू नये. अखेरीस तेच गायन पुन्हा उसळते, तेथे मात्र शांतता अधिक बोलकी ठरली असती.

सुटकेच्या तोंडावर फाँतेनच्या कोठडीत जोस्त नावाचा पोरगेला कैदी आणून टाकतात. तो हेर तर नसेल? त्याला ठार करावे की सोबत न्यावे? फाँतेन त्याला सोबत नेतो, आणि पुढे एका उंच भिंतीपाशी कळते की एकट्याने ती ओलांडता आलीच नसती. कृपेचे इतके अबोल दर्शन आम्ही चित्रपटांत क्वचित पाहिले आहे.

म्हणूनच एक गोष्ट मनात रुतून राहते. खालच्या पहारेकऱ्याला मारल्यावाचून वाट नाही. फाँतेन भिंतीला लगटून वाट पाहतो, कोपऱ्यापलीकडे जातो, आणि कॅमेरा रिकाम्या भिंतीसमोर थांबतो. झटापट नाही, किंकाळी नाही. हिंसेचे प्रदर्शन टाळण्याचा हा संयम आहे, हे आम्ही जाणतो. मोटारीतील त्या रिकाम्या आसनाचीच ही रीत. परंतु तेथे आवाज तरी होता. चमच्याची घासघास ज्याने आपणांस इतक्या वेळा ऐकविली, त्याने एका माणसाचे मरण आपल्या कानांपासूनही दूर ठेवले. जोस्तसाठी फाँतेनला विचारात पडताना आपण पाहिले. या शिपायाला चेहराही मिळत नाही. येथे आमचे मन ब्रेसाँशी जुळत नाही.