उस्मानाबादचा तो पेपर आणि त्याची निधीची ओळ

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांना मी एक पेपर आवर्जून वाचायला सांगते. 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्क्रीनिंगवरचा. पहिले लेखक शंकरनारायणन, दुसरे बार्शीचे डॉ. नेने. जगातल्या सगळ्यात वजनदार जर्नलांपैकी एकात आपल्या शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या बायकांचा डेटा आहे. सात रस्त्यावरून बार्शीला जायला दोन तास पुरतात, पण इथे अभ्यास करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना हा पेपर माहीतच नसतो. मात्र कौतुक करून थांबायचं असेल तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पेपर मोठा आहे, आणि त्यावर टीकाही करायला हवी.

आधी त्यात काय आहे ते बघू. ऑक्टोबर 1999 मध्ये काम सुरू झालं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका, गावांचे 52 समूह, आणि चिठ्ठी टाकल्यासारखी चार गटांत वाटणी. एका गटाला एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला व्हीआयए, म्हणजे ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथ्या गटाला, म्हणजे कंट्रोलला, जी सेवा एरवी मिळते तीच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एचपीव्ही गटातल्या 34,126 बायकांपैकी 34 या कर्करोगाने गेल्या होत्या, कंट्रोलमधल्या 31,488 पैकी 64. धोक्याचं गुणोत्तर 0.52. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही.

आता निधीची ओळ. पैसा बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखण्यासाठी झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आघाडीमार्फत आलेला. काम टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं. आपण ही ओळ आभारप्रदर्शन समजून सोडून देतो. माझ्या मते ती पद्धतीच्या भागाइतक्याच काळजीने वाचायला हवी, कारण प्रश्न कोणता विचारायचा हे बऱ्याचदा तिथेच ठरलेलं असतं.

या फाउंडेशनला काय विचारायचं होतं? गरीब देशात कोणती तपासणी चालेल, एकदाच केली तर किती जीव वाचतील? प्रश्न रास्तच आहे. श्रीमंत देशांतली पॅप स्मिअरची व्यवस्था, म्हणजे दर काही वर्षांनी परत बोलावणं, प्रयोगशाळा, प्रशिक्षित डोळे, इथे जशीच्या तशी उभी राहणार नव्हती. सरकारी निधीतून एवढी मोठी आणि एवढी लांब चाचणी सहज मंजूर झाली असती असं मला वाटत नाही. धर्मादाय पैशाचं बळ इथे दिसतं. तो धीर धरू शकतो, दहा वर्षं थांबू शकतो.

पण कंट्रोल गटाचं काय? त्या बायकांना स्क्रीनिंग मिळालं नाही आणि त्यांच्यातले मृत्यू मोजले गेले. यावर पुढे चांगलाच वाद झाला. मुंबईतल्या आणि तमिळनाडूतल्या अशाच चाचण्यांसह या अभ्यासावर इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये टोकाची टीका आली. समर्थनाचा मुद्दा असा, की जिल्ह्यात स्क्रीनिंग नव्हतंच, म्हणजे कुणाकडून काही काढून घेतलं नाही. टीकाकार म्हणतात, स्क्रीनिंगने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत केव्हाच कळलेलं असताना ‘काहीच नाही’ असा गट ठेवायचाच कशाला?

मी बरीच टीकाकारांच्या बाजूची आहे, पण एक अडचण मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कंट्रोल गट नसता, तर एचपीव्ही चाचणी व्हीआयएपेक्षा बरी एवढंच कळलं असतं. एकदाच केलेली व्हीआयए उस्मानाबादेत मृत्यूंवर फारसा परिणाम करू शकली नाही, हे कळलं नसतं. म्हणजे त्या गटाने वैज्ञानिक काम केलं हे नाकारता येत नाही. माझा आक्षेप पुढचा आहे: ‘नेहमीची सेवा’ म्हणजे शून्य, हे चाचणीच्या आराखड्याने जमिनीची वस्तुस्थिती म्हणून धरलं. ते शून्य आलं कुठून, हा प्रश्न पैसे देणाऱ्याच्या यादीत नव्हता.

आणि नंतर काय झालं बघा. 2016 मध्ये केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात तपासणी निवडली ती व्हीआयए, 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी, दर पाच वर्षांनी. त्यालाही आधार होता. दिंडीगुलच्या चाचणीत (2007) व्हीआयएने मृत्यू 35 टक्क्यांनी कमी झाले होते, आणि मुंबईतल्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविकांनी चार फेऱ्या केल्यावर 31 टक्क्यांनी. एचपीव्ही चाचणी महाग होती, व्हीआयए स्वस्त. निवड समजण्यासारखी आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) काय निघालं? 30 ते 49 वयाच्या बायकांमध्ये आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या शंभरात दोनही नाहीत, 1.9 टक्के. कुठली चाचणी चांगली यावर एवढा पैसा आणि एवढी वर्षं खर्च झाली, आणि घरोघरी कुठलीच पोचली नाही.

ट्रस्टच्या पैशाने पुरावा मिळतो. नर्सचा दर महिन्याचा पगार त्यातून निघत नाही, निदान प्रकल्प संपल्यावर तरी नाही. मग प्रकल्प संपल्यावर मागे काय राहतं ते बघायचं.

बार्शीला याचं उत्तर थोडं वेगळं आहे, म्हणून मला हे ठिकाण आवडतं. तिथे 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके. शहरात रुग्णालयांची कागदपत्रं गोळा केली की नोंद होते. खेड्यात कागदच नसतात, म्हणून कर्मचारी गावोगाव फिरायचे, लोकांना विचारायचे, लक्षणं सांगायचे. डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं, की या जागृतीमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर ओळखला जाऊ लागला. नुसतं मोजायला गेलेल्या लोकांमुळे आजार लवकर कळायला लागला! उस्मानाबादचे 64 आणि 34 हे आकडे मोजता आले ते या अनुभवाच्या जोरावर, असं माझं वाचन आहे. पण नोंदणीवर मोठ्या जर्नलात मथळा होत नाही. कुठल्याही फाउंडेशनच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर वही घेऊन परांड्याला चाललेला कर्मचारी मी तरी पाहिलेला नाही.

प्रश्नाऐवजी माणसावर लावलेला धर्मादाय पैसाही आपल्याकडे आहे. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या. दोराबजींनी 1932 मध्ये त्यांच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, तो आजही ल्युकेमियाच्या संशोधनाला जगभर मदत करतो आणि भारतात शिष्यवृत्त्या देतो. दोराबजींच्या ट्रस्टने 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल उभारलं, आणि 1957 मध्ये ते सरकारकडे गेलं. इथे ट्रस्टने सुरुवात केली आणि रोजचा खर्च शेवटी सरकारने उचलला. उस्मानाबादच्या बाबतीत नेमकी हीच दुसरी पायरी झाली नाही.

पुण्याच्या कमल रणदिवे यांचंही उदाहरण घ्या. खानोलकरांच्या हाताखाली 1949 मध्ये पीएच.डी., मग रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिप, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाचं शिक्षण. त्या परत आल्या आणि मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्या फेलोशिपने विकत घेतलेली वस्तू कुठल्याच पेपरात दिसत नाही, ती बाईंच्या हातात होती आणि त्यांनी शिकवलेल्या मुलींच्या हातात गेली.

जेआरएफचे 37,000 रुपये महिन्याला मिळाले की आपल्याला वाटतं निधीचा प्रश्न सुटला. पण तो तुमच्या पोटाचा झाला, कामाचा नाही. रसायनं, प्रवास, फील्डवरच्या माणसाचा पगार हे सगळं कुठून तरी आणावं लागतं, आणि मग ट्रस्टचे फॉर्म भरताना प्रश्न हळूहळू त्यांच्या भाषेत वळायला लागतो. सोलापुरात हजारो बायका घरात बसून विडी वळतात. त्यांच्या श्वासाचा प्रश्न घेऊन गेलात, तर तो कुणाच्या प्राधान्यक्रमात बसतो ते शोधायलाच सहा महिने जातील. म्हणून प्रश्न सोडू नका, पण फॉर्ममध्ये लिहिताना तुमचा मूळ प्रश्न वेगळ्या कागदावर तारखेसह लिहून ठेवा. वर्षभराने दोन्ही शेजारी ठेवून वाचा, किती सरकला ते कळेल.

आणि पेपर वाचायला बसाल तेव्हा निधीच्या ओळीखाली पेन्सिलने एवढंच लिहा: पैसा कशावर लागला, प्रश्नावर, माणसावर की नोंदवहीवर? उस्मानाबादच्या पेपरवर मी लिहिलंय, ‘प्रश्नावर’. त्याच्या शेजारी बार्शीची वही.