रॅप्सनची नाणेसूची : एक पुनर्विलोकन

नाण्यांच्या सूचीग्रंथास वाङ्मयीन मासिकात स्थान कशाला, असा प्रश्न कोणी करील. पण उज्जैन, राजकोट, जुनागड अशा ठिकाणी नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या हाती सराफाच्या पेढीवरून एखादे चिमुकले रुप्याचे नाणे येते, आणि मग शोध सुरू होतो तो रॅप्सनच्या ग्रंथाचा. आंध्र, पश्चिम क्षत्रप, त्रैकूटक व बोधी या घराण्यांच्या नाण्यांची ही सूची ब्रिटिश म्युझियमने १९०८ साली प्रसिद्ध केली. तिचा उपयोग केवळ चित्रांची वही म्हणून करण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही.

क्षत्रपांचेच नाणे घ्या. एका बाजूस राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा पर्वत, चंद्र, सूर्य आणि भोवती ब्राह्मी लेख. पिढ्यान्‌पिढ्या हाच साचा. चित्राशी चित्र जुळवू जाणारा येथे हमखास फसतो. ‘रुद्रसेन’ एवढी अक्षरे लागली की आमचे हौशी संग्राहक संतुष्ट होतात. परंतु रुद्रसेन चार होऊन गेले! पहिला रुद्रसिंहाचा पुत्र, दुसरा वीरदामनाचा, तिसरा स्वामी रुद्रदामनाचा. क्षत्रपांनी आपल्या नावाआधी पित्याचे नाव व पदवी कोरविली, हे इतिहासावर त्यांचे मोठेच उपकार होत. पिता वीरदामन नुसता ‘क्षत्रप’ आणि पुत्र ‘महाक्षत्रप’ असे वाचता आले, की दुसरा रुद्रसेन निश्चित झाला. मस्तकामागे शक वर्षही असते. पण शंभर, दहा व एकं यांची चिन्हे निरनिराळी असल्याने आणि नाण्याची चकती आखूड पडल्याने पुष्कळदा शंभराचे चिन्हच काय ते हाती लागते. अशा वेळी रॅप्सनने प्रत्येक राजाच्या आरंभी दिलेला संपूर्ण लेख उपयोगी पडतो, छायाचित्रे नव्हेत. त्याची दोनशेहून अधिक पृष्ठांची प्रस्तावना न वाचता जो थेट चित्रपट उलगडतो, त्याने ग्रंथ उघडलाच नाही असे आम्ही म्हणू.

या सूचीतील अनेक नाणी पंडित भगवानलाल इंद्रजींच्या संग्रहातून विलायतेस गेली, हेही विसरता कामा नये.

सातवाहनांच्या भागात रॅप्सनची दृष्टी विशेष खुलते. नाणी कोणत्या प्रदेशात सापडली त्यावरून त्याने वर्ग पाडले. कोल्हापूरकडील धनुष्यबाणाच्या नाण्यांत एकाच्या नाण्यावर दुसऱ्याने पुन्हा ठसा मारलेला आहे. खाली कोण आणि वर कोण हे पाहून राजांचा क्रम लागतो. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या निधीत नहपानाची १३,००० हून अधिक नाणी होती, व त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा होता. विजयाचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

दोष नाहीत असे नव्हे. नाशिकच्या लेण्यांत हे कुळ ‘सातवाहन’ म्हणून येते. ग्रंथाच्या नावात मात्र पुराणांतील ‘आंध्र’ शब्द बसला, आणि त्याने पुढे पुष्कळ वाद पोसला. दुसरे, सूची ही एका संग्रहालयाच्या पेट्यांची असते, साऱ्या देशाच्या भूमीची नव्हे. ‘रॅप्सनमध्ये नाही, सबब अतिदुर्मिळ’ असे सांगून किंमत चढविणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत. १९३९ साली अकोल्याकडील तऱ्हाळे येथे सापडलेला निधी महामहोपाध्याय मिराशी यांनी तपासला, तेव्हा कुंभ सातकर्णी व कर्ण सातकर्णी ही नावे पुढे आली. रॅप्सनला ती ठाऊक असणे शक्यच नव्हते. क्षत्रपांच्या बाबतीतही १९९४ साली अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केलेला झा व राजगोर यांचा अभ्यास शेजारी ठेवल्यावाचून आज निर्णय देऊ नये.

आणि नाणे घेताना पेढीवाल्यास ते कोणत्या गावचे हे विचारून त्याच दिवशी पाकिटावर लिहून ठेवावे. तेवढी एक गोष्ट कोणत्याही सूचीत सापडणार नाही.