टाके निघाल्यानंतरचा हिशेब

मराठी वृत्तपत्रांत शस्त्रक्रिया दोनच प्रकारच्या असतात: ‘यशस्वी’ आणि ‘अवघड, पण यशस्वी’. बातमी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छापून येते. रुग्ण शुद्धीवर आलेला असतो, नातेवाईक डॉक्टरांचे आभार मानत असतात आणि तेवढ्यात निकाल जाहीर झालेला असतो. त्या माणसाचे पुढे वर्षाने, पाच वर्षांनी काय झाले हे सांगणारी दुसरी बातमी येत नाही.

हा दोष एकट्या वार्ताहराचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण विम्याची कलमे, सरकारी योजनेची माहितीपत्रके आणि जागतिक आयोगांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले की तीच सवय त्यांच्याही भाषेत दिसते. हे सगळे कागद टाके निघेपर्यंत बोलतात आणि मग गप्प होतात. या गप्प राहण्याची सर्वांत मोठी किंमत गरीब आणि दूरवरचा रुग्ण मोजतो, असे माझे म्हणणे आहे. मी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नाही. इथे केले आहे ते कागदांचे वाचन.

सुरुवात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेपासून करू, कारण तिथे निकाल किलोत मोजता येतो आणि म्हणून फसगतही लवकर होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना खास विमानाने मुंबईत आणले गेले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. ७ मार्चला सैफी रुग्णालयात त्यांच्यावर बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झाली. पुढचे काही आठवडे आपली वृत्तपत्रे धावफलकासारखी वजनाचे आकडे छापत राहिली. एप्रिलमध्ये बहिणीने त्या आकड्यांवर आणि उपचारांवर जाहीर आक्षेप घेतला, डॉक्टरांनी तो फेटाळला. ४ मे रोजी इमान अबुधाबीला गेल्या आणि २५ सप्टेंबरला तिथेच वारल्या. या वादात कोण खरे होते याचा निवाडा मला करायचा नाही. मला दिसते ते एवढेच, की त्या सगळ्या मजकुरात वजनकाट्याखेरीज दुसरे मोजमाप फारसे नव्हते. त्या बसू शकतात का, हृदय-मूत्रपिंडांची अवस्था कशी आहे, पुढची दहा वर्षे त्यांची काळजी कोण घेणार, हे प्रश्न किलोंच्या गोंगाटात मागे पडले.

खुद्द वैद्यकशास्त्राला हा धडा फार पूर्वी मिळालेला आहे. वजन घटवण्यासाठी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून जोडणी करण्याची शस्त्रक्रिया १९५०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. वजन झपाट्याने उतरे. त्या काळच्या बातमीदाराने तिला नक्कीच यशस्वी म्हटले असते. पुढे रुग्णांची यकृते निकामी होऊ लागली, कुपोषण दिसू लागले आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. तिचा खरा निकाल लागायला वर्षे जावी लागली.

निकाल नीट कसा पाहावा याचा नमुना स्वीडनमध्ये आहे. तिथे १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेल्या २,०१० आणि न केलेल्या २,०३७ स्थूल व्यक्तींचा मागोवा घेतला गेला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सरासरी जवळजवळ अकरा वर्षांनी, शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी होता. २०२० च्या निष्कर्षांत त्यांचे आयुर्मान शस्त्रक्रिया न केलेल्या स्थूल व्यक्तींपेक्षा ३ वर्षांनी जास्त, पण सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षांनी कमी आढळले. म्हणजे शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, पण ती जादू नव्हे. मला या अभ्यासात सर्वांत बोलकी वाटते ती दुसरीच एक नोंद. त्यात शल्यविभाग होते २५ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे होती ४८०. चिरफाड मोजक्या ठिकाणी झाली, पण माणसांवर लक्ष ठेवण्याचे काम गावोगावच्या केंद्रांनी केले. जठर किंवा आतड्याची रचना बदललेल्या माणसाला जन्मभर लोह, कॅल्शियम, ब-१२, ड जीवनसत्त्व यांची तपासणी आणि पुरवणी लागते. ज्याच्या जवळ असे केंद्र नाही त्याच्यासाठी तीच शस्त्रक्रिया वेगळी आणि जास्त धोक्याची ठरते.

आता विम्याचे कलम पाहू. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळण्याची कलमे सर्वांसाठी एकसारखी केली. त्यानुसार वजन घटवण्याची शस्त्रक्रिया वगळता येते. अपवाद फक्त बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असलेल्यांचा, अथवा ३५ असून गंभीर हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह अशी व्याधी असलेल्यांचा. हे ४० आणि ३५ आले कुठून? १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेतून. वास्तविक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ असतो आणि आतून स्थूल, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या अमेरिकी आणि जागतिक संघटनांनी १९९१ च्या मर्यादा मागे टाकल्या आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असे सांगितले. म्हणजे पुण्यात झालेले संशोधन जगाने वाचले, पण २०१९ चे आपले कलम लिहिताना परक्या देहाचे माप प्रमाण धरले गेले. या मापात न बसणाऱ्या श्रीमंताला अडचण येत नाही. तो काही लाख रुपये खिशातून भरतो.

यावर कोणीही म्हणेल, किनवटमध्ये बसून लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेची चर्चा कशाला? इथे कुपोषणाचा प्रश्न आहे. आक्षेप अर्धा बरोबर आहे. पण याज्ञिकांच्याच पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासाने दाखवले की सरासरी २.७ किलोचे आपले बाळ जन्मतःच तुलनेने जास्त चरबी घेऊन येते आणि पुढे त्याला मधुमेहाचा धोका असतो. कुपोषण आणि मधुमेह ही एकाच घराची दोन दारे आहेत. शिवाय प्रश्न एका शस्त्रक्रियेपुरता नाही. हर्निया असो, मोडलेले हाड असो की अडलेले बाळंतपण, नंतरचा मागोवा कोण घेतो हा प्रश्न तोच राहतो.

या प्रश्नावरचा सर्वांत वजनदार दस्तऐवज म्हणजे जागतिक शस्त्रक्रियेवरील लॅन्सेट आयोगाचा २०१५ चा अहवाल. जगातल्या ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही, असे त्याने मांडले. किमान ८० टक्के लोकांना दोन तासांत पोहोचता यावे आणि दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ५,००० शस्त्रक्रिया व्हाव्यात, अशी उद्दिष्टे ठेवली. उपचारापायी कर्जबाजारी होणाऱ्यांचाही विचार केला. किनवटकराला यातले दोन तास लगेच कळतात. गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून ‘नांदेडला न्या’ असे सांगितले की भोकर मार्गे शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास सुरू होतो. आदिलाबाद जवळ आहे, पण ते दुसऱ्या राज्यात. आणि ज्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात पोहोचायचे, तिथे सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालके होती.

अहवालाचे मोल मान्य करूनही त्यातली एक फट दाखवली पाहिजे. शस्त्रक्रियेचा निकाल मोजणारा त्याचा निर्देशक आहे मृत्यूचा, आणि तोही रुग्णालयातून घरी सोडेपर्यंतच्या मृत्यूचा. या मापाने बीडकडे पाहा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत जवळपास एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. वयोगट नेमके जुळत नसले तरी एवढी मोठी दरी वयाने भरून निघत नाही. आता आयोगाचे मोजमाप लावा. शस्त्रक्रियांची संख्या भरपूर. बाई जिवंत घरी गेली, म्हणजे निकालही चांगला. सर्व रकाने ठीक. पण खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, पाळीच्या दिवसांत फडात सोय नाही, उचल घेतलेली आहे, म्हणून पिशवीच काढून टाकू, असा निर्णय जिथे होतो तिथे शस्त्रक्रिया हा उपचार राहत नाही. तो कोयता चालू ठेवण्याचा उपाय होतो. आणि अंडाशयेही काढली असतील तर अकाली रजोनिवृत्ती, ठिसूळ होणारी हाडे यांची नोंद घरी सोडल्यानंतर कोणत्याच रकान्यात होत नाही.

म्हणून किनवट आणि बीड एकत्र वाचायला हवेत. एकीकडे हवी ती शस्त्रक्रिया मिळत नाही, दुसरीकडे नको ती होते. संख्या वाढवल्याने पहिले दुखणे कमी होईल, दुसरे वाढेल.

सरकारी योजनेलाही हाच निकष लावू. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होते. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर लाखोंचे उपचार मिळू लागले, आणि ज्यांनी पूर्वी शेत विकून ऑपरेशने केली त्यांना या योजनेचे मोल सांगावे लागत नाही. परतीचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे देण्याची तरतूद लिहिणाऱ्याला आपला माणूस ठाऊक होता. पण उपचार होते ९७१ आणि पाठपुराव्याची पॅकेजे १२१, म्हणजे दर आठ उपचारांमागे एक. बाकीच्यांसाठी घरी सोडल्यानंतरची तपासणी-औषधे दहा दिवसांपर्यंत. अकराव्या दिवशी रुग्ण योजनेच्या भाषेतून बाहेर पडतो.

उपाय फार खर्चिक नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक नोंदवही हवी. शस्त्रक्रियेचा निर्णय कोणी घेतला आणि दुसरा पर्याय सांगितला होता का, सहा महिन्यांनी माणूस कामावर परतला का, घरावर कर्ज किती झाले, पुढची तपासणी कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढे चार रकाने पुरेत. पाच वर्षांनी ती वही उघडली की कोणती शस्त्रक्रिया कोणाच्या उपयोगी पडली आणि कोणावर लादली गेली हे कळेल. स्वीडनला त्यासाठी ४८० साधी केंद्रे लागली. केंद्रे आपल्याकडेही आहेत. टाके निघाल्यानंतर रुग्णाची विचारपूस करणे हे त्यांचे काम आहे, एवढे एकदा लिहून द्यायला हवे.