गाण्यांतलें कोडें

कोडें उलगडलें कीं संपतें. गाणें मात्र पुनःपुन्हां ऐकावयाचें असतें. तेव्हां कोड्याचें गाणें व्हावें तरी कसें? ज्याचें उत्तर एकदां कळलें, त्यांत दुसऱ्या खेपेस गोडी ती कोणती उरणार? मराठी परंपरेनें या अडचणीचा परिहार तीन रीतींनीं केलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

पहिली रीत मुलींची. भोंडल्याचीं गाणीं आटोपलीं म्हणजे खिरापत ओळखण्याचा खेळ सुरू होतो. डबा झांकलेला, आंत गोड आहे कीं तिखट, येथपासून तर्क चालतात. गाणीं ठरलेलीं, प्रश्नही ठरलेला, पण उत्तर रोज निराळें. म्हणून हा खेळ शिळा होत नाहीं.

दुसरी रीत शाहिरांची. कलगीवाले शक्तीस श्रेष्ठ मानीत, तुरेवाले शिवास. आणि या वादांतून भेदिक लावणी वाढली. एका फडानें पुराणांतला किंवा अध्यात्मांतला सवाल डफ-तुणतुण्यावर टाकावा व दुसऱ्यानें त्याच तोलानें जबाब द्यावा, हा तिचा थाट. आम्ही राहतों त्या अंबडापासून सिन्नर तालुका दूर नाहीं. त्यांतील बावी हें शाहीर परशराम (१७५४–१८४४) यांचें गांव. या झगड्यांत गोडी उत्तराइतकीच, किंबहुना अधिक, उत्तरापूर्वींच्या क्षणांत असते. झीलकरी ध्रुपद घोळवीत असतात, डफ थांबत नाहीं, आणि तेवढ्या अवधींत प्रतिपक्षाबरोबर श्रोताही विचार करूं लागतो. येथें संगीत हें कोड्याचा अलंकार नव्हे. विचाराला दिलेली ती मुदत होय.

तिसरी रीत संतांची. मुक्ताबाईचें मुंगीचें प्रसिद्ध कूट घ्या, किंवा एकनाथांचें विंचवाचें भारूड घ्या. वरचा अर्थ पोरासही हंसवितो. आंतला अर्थ मात्र वयाबरोबर खोल होत जातो. अशा कोड्याचें उत्तर सांगून टाकतां येत नाहीं, म्हणूनच तें जन्मभर गातां येतें.

या कसोटीवर चित्रपटांतील सवाल-जबाब उतरतात काय? १९६४ सालीं अनंत माने यांनीं दिग्दर्शित केलेला 'सवाल माझा ऐका' हें याचें ठळक उदाहरण. गीतें जगदीश खेबुडकरांचीं, संगीत वसंत पवारांचें. ढोलकीचा अस्सल ठसका पवारांच्या चालींत आहे, हें कोणीही मान्य करील. आणि ज्या पांढरपेशा घरांनीं तमाशाच्या तंबूंत कधीं पाऊल टाकलें नव्हतें, त्यांस हा प्रकार अशा चित्रपटांमुळें परिचित झाला, हे उपकारही थोडे नाहींत. परंतु सवाल आणि जबाब दोन्ही एकाच लेखणींतून उतरलेले असतात. सवाल सरतो न सरतो तोंच जबाब हजर. नाटकही एकाच लेखणीचें असतें, असा आक्षेप येथें कोणी घेईल. तो खरा आहे. पण नाटकांत आम्हांस पात्रांच्या दैवाची काळजी असते. पडद्यावरील झगड्यांतही तेंच होतें: कोण हरणार याची उत्कंठा राहते, कोड्याची मात्र राहत नाहीं. श्रोत्याचा विचार करण्याचा वांटा येथें नाहींसा झाला. हा दोष संगीतकाराचा नव्हे. चित्रपटास वेळ मोजूनच खर्चावा लागतो.

अंबड हें एके काळीं शेतीचें गांव. आज तें कारखान्यांमुळें ओळखलें जातें. उत्सवाच्या दिवसांत कर्ण्यांतून मुद्रित सवाल-जबाब आमच्याही कानीं पडतात, आणि आमचा पाय ताल धरतो हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि त्या वेळीं घरांतील एखाद्या पोरानें "याचा जबाब काय?" म्हणून विचारलें, तर कर्णा त्याच्यासाठीं थांबत नाहीं. झीलकरी थांबला असता.