चित्रप्रदर्शनांच्या पत्रिका व त्यांतील कालनिर्देश

चित्रप्रदर्शन हा विषय इतिहाससंशोधकाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस वाटेल. आमचेही मत कालपरवापर्यंत असेच होते. परंतु प्रदर्शन आठ दिवसांत उतरते, चित्रे दाही दिशांस जातात आणि मागे उरतो तो कागद. कागद उरला की तो आपल्या प्रांतातला झाला. मुंबईतील प्रदर्शनांच्या निमंत्रणपत्रिका व चित्रसूची यांची एक पेटी गतवर्षी आमच्या हाती आली. तीतील पावणेदोनशे पत्रे पाहून आमचे जे मत झाले, ते येथे मांडतो.

या कागदांचे मोल एका उदाहरणाने ध्यानी येईल. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे या सहा जणांनी १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापिला व १९४९ साली आपले प्रदर्शन भरविले. त्या प्रदर्शनाच्या पत्रिकेतील सूझा यांचे निवेदन आज त्या गटाच्या इतिहासाचे अव्वल साधन मानले जाते. त्या वेळी ते चोपडे कोणी रद्दीत टाकले असते, तर त्यास दोष कोण देता? बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची. जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले. त्याच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ साली केमोल्ड हे दालन निघाले. शेजारच्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ साली राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय आले. आणि १९९९ पासून काळा घोडा कलामहोत्सव सुरू झाला. एवढ्याशा टापूत इतकी वर्षे भिंती भरत व रिकाम्या होत आल्या आहेत. त्यापायी किती कागद छापला गेला असेल व त्यातला किती उरला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता दोष. पेटीतील निम्म्याहून अधिक पत्रांवर वार आहे, तारीख आहे, महिना आहे, उद्घाटनाची वेळ आहे, चहापानाचे आमंत्रणही आहे. साल मात्र नाही. मोडी पत्रे वाचणाऱ्यांस हे दुखणे नवे नाही. ‘छ’ म्हणून चंद्र आणि महिना देऊन वर्ष गाळलेली पत्रे आपण नित्य पाहतो, आणि वार, प्रसंग व व्यक्ती यांचा मेळ जंत्रीशी घालून त्यांचा काल ठरवितो. राजवाडे यांच्यापासून खरेशास्त्र्यांपर्यंत सर्वांची किती वर्षे या एका कामी खर्ची पडली! तथापि त्या पत्रलेखकांस आम्ही दोष देत नाही. पत्र ज्यास धाडले त्यास चालू साल ठाऊक होते. याच न्यायाने निमंत्रणपत्रिकेसही क्षमा करता येईल. चित्रसूचीस ती करता येत नाही. सूची ही पत्र नव्हे, पोथी होय. ती पुढच्यांसाठी असते. आडगावचा अल्पशिक्षित लेखकूसुद्धा पोथीच्या शेवटी पुष्पिकेत शक, संवत्सर, मास, तिथी, वार, स्थळ व आपले नाव लिहून मगच लेखणी खाली ठेवी. गुळगुळीत कागदावर रंगीत छापलेल्या सूचीस तेवढेही साधू नये, हे आश्चर्य होय.

दुसरा दोष वर्णनाचा. बहुतेक सूचींत चित्राची लांबी-रुंदी नाही. नावाच्या जागी ‘शीर्षकविरहित’ हा शब्द ओळीने येतो. चित्रास नाव न देणे हा चित्रकाराचा अधिकार आहे. गायतोंडे यांनी आपली उत्तरकालीन चित्रे बहुधा निनावीच ठेविली. परंतु नाव नसले म्हणजे माप, माध्यम व साल यांवाचून एक चित्र दुसऱ्यापासून निराळे कसे करावे? बनावट चित्रे खपविणाऱ्यास अशी सूची म्हणजे सोयीची वाटच. प्रस्तावनांविषयी थोडक्यात इतकेच, की ‘अंतर्मनाचा शोध’ हे शब्द आम्हांस अकरा निरनिराळ्या चित्रकारांविषयी आढळले.

या उणिवांचे फळ काय होते, ते सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. ही पेटी आमच्या एका दिवंगत विद्यार्थ्याची. तो चित्रकार झाला व १९९७ साली अकाली वारला. पत्नीही त्याच्या मागे गेली. त्याच्या मुंबईतील एकुलत्या एका प्रदर्शनाची सूची व अभिप्रायाची वही पेटीत आहे. वहीत सबंध आठवड्याच्या मिळून चार सह्या. ‘बाबांची चित्रे पाहावयास कोणी आले नाही, ती तशीच असतील,’ असे त्याच्या कन्येने आम्हांस सांगितले, तेव्हा तिच्या स्वरात तक्रार नव्हती. निकाल लागून गेल्यासारखा तो स्वर होता.

सूचीवर एवढेच आहे: मंगळवार दि. १२ जानेवारी ते सोमवार दि. १८ जानेवारी. सूचीतील चौथे चित्र त्याच्या पत्नीने पूर्वीच आम्हांस दिले होते. ते आमच्या बैठकीत आहे व सहीखाली १९९१ हा आकडा आहे. म्हणजे प्रदर्शन त्यापूर्वीचे नव्हे आणि १९९७ नंतरचेही नव्हे. या मुदतीत १२ जानेवारीस मंगळवार एकदाच येतो, १९९३ साली. तो आठवडा मुंबईने कसा काढला, हे सर्वांस स्मरत असेल. डिसेंबर १९९२ नंतर दंगलीचा दुसरा वणवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पेटला होता. माणसे जिवाच्या भीतीने घरात बसली होती. चित्रे पाहावयास कोण जाणार? आता त्या चार सह्यांचा अर्थ पालटतो. चित्रे चांगली की वाईट, याविषयी ती वही काहीच सांगत नाही. उलट, त्या दिवसांत चार माणसे आली, ही नोंद आम्हांस मोलाची वाटते.

चार आकडे छापले असते, तर एका मुलीने आपल्या पित्याविषयी इतकी वर्षे चुकीचा ग्रह बाळगला नसता.

आता निमंत्रणे भ्रमणध्वनीवर येतात व दुसऱ्या दिवशी पुसली जातात. म्हणजे कागदही उरणार नाही. आमच्या संग्राहक बंधूंस विनंती इतकीच, की रुमालांशेजारी या पत्रिकांसही थोडी जागा द्यावी, आणि हाती येईल त्या दिवशीच पाठीवर साल लिहावे. सदर सूचीच्या पाठीवर आम्ही शिसपेन्सिलीने लिहिले आहे: शके १९१४, पौष वद्य पक्ष, इसवी सन १९९३. ती सूची व वही कन्येस परत केली.