बारा हातांबाहेरचे हात

‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा कैद्यांच्या सुधारणेवरचा आदर्श चित्रपट म्हणून इतका मान्य झाला आहे की, त्याची परीक्षा करणेच आपण सोडून दिले. औंध संस्थानात १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली. कथाकार ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. स्वतंत्रपुरात कैद्याला बायकामुलांसह राहता येते. व्ही. शांताराम यांनी मात्र सहा खुनी, ओसाड माळ आणि एक जेलर एवढेच ठेवले.

माझ्या मते चित्रपटाचा गाभा त्या माळावर नाही, बाजारात आहे. कैदी स्वस्त भाजी विकतात, दलालांचा धंदा बसतो, दलालांची माणसे त्यांना बडवतात. हात न उगारण्याचा शब्द कैदी पाळतात. दिग्दर्शकाला ही कैद्यांची कसोटी वाटते. मला ती बाजाराची वाटते, आणि बाजार तीत नापास होतो. चित्रपट तिथे थांबत नाही. तो आदिनाथच्या हौतात्म्याकडे वळतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात हीच उणीव खुपते. इथे ‘पुनर्वसन’ म्हटले की आत्मसमर्पित माओवादी आठवतात. त्यांच्यासाठी २००५ पासून राज्याची योजना आहे: रोख मदत, घर, रोजगार. दलममध्ये नसबंदी झालेल्या काहींवर ती उलटवण्याची शस्त्रक्रियाही केली गेली. (सुधारणेच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा मला ही एक गोष्ट मोलाची वाटते.) १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत भूपती आणि त्याचे साठ साथीदार मुख्यमंत्र्यांसमोर शरण आले, त्याची छायाचित्रे देशभर गेली. मात्र शरण आलेल्या अनेकांना स्वतःच्या गावी परतणे जिवावरचे ठरत आले आहे.

आणि निर्दोष सुटलेल्याचे काय? साईबाबा खटल्यात गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी सहा जणांना दोषी ठरवले. त्यांत याच जिल्ह्यातले आदिवासी तरुण होते. त्यांपैकी एक ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूरच्या कैदेत असतानाच वारला. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. शांतारामांच्या बारा हातांत निर्दोष हात एकही नाही, त्यामुळे हा प्रश्न त्या चित्रपटाला पडतच नाही. आपल्या धोरणालाही तो पडलेला दिसत नाही. शस्त्र खाली ठेवणाऱ्यासाठी योजना आहे. गुन्हाच सिद्ध न झालेल्यासाठी तशी नाही. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई आणि पुनर्वसन मिळावे, असा कायदा विधी आयोगाने २०१८ च्या २७७व्या अहवालात सुचवला होता. तो अजून झालेला नाही.